छेद लहान, तयारी मोठी : नडियादच्या किडनी हॉस्पिटलची वाटचाल

बडोद्यातल्या घराघरांत मुतखड्याचा विषय निघाला की कुणीतरी ‘एकदा नडियादला दाखवून या’ म्हणतेच. फतेगंजातून निघून निजामपुरा, छाणी मागे टाकले की हमरस्ता लागतो. रेल्वेने निघाले तर आणंदनंतरचे मोठे स्टेशन नडियाद. अंतर पंचावन्न किलोमीटरच्या आसपास. सरदार वल्लभभाई पटेलांचा जन्म या गावी, आजोळी झाला. ‘सरस्वतीचंद्र’ लिहिणारे गोवर्धनराम त्रिपाठीही इथलेच. १९७८ पासून गावाला आणखी एक ओळख मिळाली, ती मूळजीभाई पटेल युरॉलॉजिकल हॉस्पिटलची. कागदोपत्री नाव एवढे लांबलचक. गावात मात्र ‘किडनी हॉस्पिटल’ म्हटले की पुरते.

संस्थेचा इतिहास कोनशिला आणि उद्घाटनांवरून सांगण्याची आपल्याकडे रीत आहे. या संस्थेचा इतिहास मात्र रुग्णाच्या अंगावर राहिलेल्या खुणेवरून सांगणे अधिक सार्थ होईल. तिची दारे उघडली तेव्हा किडनीतला खडा काढायचा म्हणजे कुशीवर वीतभर चीर ठरलेली. पुढे तीस-पस्तीस वर्षांत हेच काम निवडक रुग्णांत दीड मिलिमीटर जाडीच्या सुईतून होऊ लागले, आणि त्याचा जगातला पहिला वैद्यकीय अहवाल नडियादच्या डॉक्टरांच्या नावावर छापला गेला. यंत्रे परदेशातून आली हे खरेच. पण तीच यंत्रे इतरांकडेही आली होती. नडियादचे वेगळेपण एकाच अवयवसंस्थेवर खिळवलेल्या नजरेत आणि केलेल्या कामाचा रोखठोक हिशेब छापण्याच्या सवयीत आहे.

त्याआधीची पाने

गुजरात, राजस्थान आणि महाराष्ट्राचा बराच भाग मुतखड्याच्या पट्ट्यात मोडतो. ऊन, घाम, कमी पाणी पिणे आणि त्यामुळे दाट होणारी लघवी यांमुळे हे दुखणे इथे जुनेच आहे. सुश्रुतसंहितेत अश्मरीच्या निदानावर आणि चिकित्सेवर स्वतंत्र अध्याय आहेत. मूत्राशयातला खडा छेद घेऊन काढण्याची रीत तिथे तपशिलाने सांगितली आहे. त्याबरोबर एक सावधगिरीही आहे : शस्त्रक्रिया न केल्यास मृत्यू निश्चित, केल्यास वाचण्याचीही खात्री नाही, म्हणून वैद्याने राजाला विचारूनच हात घालावा. संमतिपत्रावर सही घेण्याची आजची पद्धत फारशी निराळी नाही.

छेद टाळून खडा फोडण्याचा पहिला यशस्वी प्रयत्न पॅरिसचा. १८२४ मध्ये जाँ सिव्हियाल यांनी मूत्रमार्गातून हत्यार सरकवून मूत्राशयातच खडा फोडला. १८७८ मध्ये बॉस्टनच्या हेन्री बिगेलो यांनी खडा फोडणे आणि चुरा शोषून घेणे एकाच बैठकीत उरकण्याची रीत रूढ केली. लहान मुलांच्या अरुंद मूत्रमार्गात हे जमणार नाही, असे तेव्हा सर्वत्र मानले जाई. तो समज खोडून काढला होळकरांच्या इंदुरात. तिथले रेसिडेन्सी सर्जन डी. एफ. कीगन यांनी १८८० च्या दशकात मुलांवर हीच शस्त्रक्रिया यशस्वीपणे करून तिचे अहवाल प्रसिद्ध केले. रुग्ण पुष्कळ, हात सरावलेला आणि नोंदी चोख असल्या की लंडन-पॅरिसलाही आपले मत बदलावे लागते, हे तेव्हाच दिसले होते.

किडनीपर्यंत मात्र या हत्यारांची पोच नव्हती. तिथला खडा काढायचा म्हणजे रुग्णाला कुशीवर निजवायचे, बाराव्या बरगडीच्या अंगाने चीर घ्यायची, प्रसंगी बरगडीचा तुकडा काढायचा, स्नायूंचे थर कापत किडनीपर्यंत पोचायचे, ती उघडून खडा काढायचा आणि सारे पुन्हा शिवायचे. मग खाटेवरचे दिवस आणि त्यानंतर शेतावर किंवा कामावर न जाता काढायचे आठवडे. त्यात मुतखडा हे परतून येणारे दुखणे. दुसऱ्यांदा खडा झाला की त्याच जुन्या व्रणातून, चिकटून बसलेल्या पेशीजालातून पुन्हा वाट काढायची. तिसऱ्या वेळी काही रुग्णांची किडनीच काढून टाकावी लागे. छेद लहान करण्याचा प्रश्न म्हणूनच देखणेपणापुरता नव्हता. परत येणाऱ्या रुग्णाची किडनी वाचवण्याचा तो प्रश्न होता.

१९७८ : एकाच विषयाचे रुग्णालय

डॉ. वीरेंद्र देसाई यांच्या पुढाकाराने १९७८ मध्ये नडियादला हे रुग्णालय उभे राहिले. ते ज्या रस्त्यावर आहे त्याला आज त्यांचेच नाव आहे. फक्त मूत्ररोग आणि किडनीविकार यांना वाहिलेले रुग्णालय ही कल्पना त्या काळी देशात नवी होती. अशा अगदी पहिल्या संस्थांमध्ये तिची गणना होते. शिवाय ती मुंबई किंवा अहमदाबादेत न राबवता एका मध्यम गावात राबवायची, हे धाडसच होते. नडियाद ज्यात येते त्या चरोतर प्रदेशातली पाटीदार घराणी पूर्व आफ्रिका, इंग्लंड, अमेरिकेत पसरलेली आणि परदेशी गेल्यावरही गावाकडच्या शाळा-दवाखान्यांना हात देणारी. या मातीत असे रुग्णालय रुजायला पोषक हवा होती.

संस्था चालवणाऱ्या मंडळाचे नाव ‘मूळजीभाई पटेल सोसायटी फॉर रिसर्च इन नेफ्रो-युरॉलॉजी’. धर्मादाय रुग्णालयाच्या नावात ‘संशोधन’ हा शब्द आरंभापासून असणे आणि शल्यविशारद युरॉलॉजिस्टबरोबर औषधोपचार करणारे नेफ्रॉलॉजिस्ट एकाच छताखाली असणे, या दोन गोष्टींनी पुढची दिशा ठरवली. मोठ्या सर्वसाधारण रुग्णालयात ऑपरेशन थिएटरची पाळी हर्निया, अपेंडिक्स, मोडलेली हाडे यांच्यात वाटली जाते. इथे सकाळपासून संध्याकाळपर्यंत तोच अवयव, तीच हत्यारे, तोच चमू. परिचारिकेला कोणती तार कोणत्या क्षणी हातात द्यायची हे न सांगता कळू लागते, आणि वर्षभरात हातावेगळ्या होणाऱ्या शस्त्रक्रियांतून तुलना करण्याजोगी संख्या जमते.

काळही जुळून आला. १९७६ मध्ये स्टॉकहोमच्या फर्नस्ट्रॉम आणि योहानसन यांनी पाठीतून मुद्दाम केलेल्या अरुंद वाटेने किडनीतला खडा काढल्याचे प्रसिद्ध केले. फेब्रुवारी १९८० मध्ये म्युनिकला क्रिस्टियन शाऊसी आणि सहकाऱ्यांनी अंगाला कुठेही छेद न देता, बाहेरून ध्वनिलहरींचे आघात देऊन पहिल्या रुग्णाचा खडा फोडला. त्याच सुमारास मूत्रवाहिनीत वरपर्यंत जाणाऱ्या लांब दुर्बिणी आल्या. जुनी शस्त्रक्रिया मागे पडून नवी घडत होती, त्या ऐन सांध्यावर नडियादची संस्था काम शिकत होती. तिला मोडायला जुनी घडी नव्हती, हा तिचा फायदाच झाला.

सुई कुठे टोचायची

पाठीतून वाट करून खडा काढण्याच्या शस्त्रक्रियेला डॉक्टर मंडळी ‘पीसीएनएल’ म्हणतात. रुग्णांच्या तोंडी ती ‘दुर्बिणीची’. तिचा सारा कस पहिल्या काही मिनिटांत लागतो.

भूल दिल्यावर आधी लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून मूत्रवाहिनीत एक बारीक नळी सरकवतात. मग रुग्णाला पालथे निजवतात. त्या नळीतून सलाईन सोडले की किडनीची आतली पोकळी फुगते आणि सोनोग्राफीच्या पडद्यावर काळी उमटते. खडा पांढरा दिसतो, त्याच्यामागे सावली. सर्जनच्या एका हातात प्रोब असतो, दुसऱ्या हातात सुई. किडनीच्या आत लघवी गोळा करणारे छोटे पेले असतात, त्यांना कॅलिक्स म्हणतात. सुई त्या पेल्याच्या टोकाच्या मधोमध शिरली तर रक्त जवळजवळ येत नाही. बोटाच्या पेराएवढी बाजूला गेली तर वाटेत मोठ्या रक्तवाहिन्या आहेत. सुईच्या आतला दांडा काढल्यावर स्वच्छ थेंब टपकला की नेम बरोबर. त्यातून तार आत जाते, तारेवरून एकाहून एक जाड डायलेटर, आणि शेवटी आठ-दहा मिलिमीटर रुंदीचे नळकांडे. त्यातून दुर्बीण घालून खडा फोडायचा आणि चिमट्याने तुकडे वेचायचे.

बहुतेक ठिकाणी सुईचा नेम क्ष-किरणांच्या पडद्यावर धरला जाई. नडियादने सोनोग्राफीवर भर दिला. त्यामुळे रुग्णाला आणि दिवसभर शिशाचा अंगरखा घालून उभ्या असणाऱ्या चमूला किरणोत्सर्ग कमी, आणि सुईच्या वाटेत आतडे, प्लीहा किंवा फुप्फुसाचे आवरण येत असेल तर तेही दिसते. हात स्थिर असला तरी नजर तयार व्हायला वेळ लागतो. म्हणून प्रोबला जोडायचा सुईचा मार्गदर्शक लावून आणि न लावता अशा दोन्ही पद्धतींचे अनुभव इथल्या डॉक्टरांनी लिहून प्रसिद्ध केले. नवशिक्याला नेम कसा शिकवावा, हा त्या लेखनामागचा खरा प्रश्न होता.

रक्ताचा आणि नळीचा हिशेब

डॉ. महेश देसाई यांच्या नेतृत्वाखाली नडियादमधून २००४ मध्ये प्रसिद्ध झालेले शोधनिबंध एकत्र ठेवून वाचले तर संस्थेची विचाराची चाल दिसते.

एक निबंध पीसीएनएलमध्ये रक्त नेमके कशाने जाते यावर होता. उत्तरे अशी : एकाहून अधिक वाटा कराव्या लागणे, लांबलेली शस्त्रक्रिया, मधुमेह. उलट सोनोग्राफीने धरलेला नेम, लहान किडनीत अरुंद वाट आणि फार मोठा खडा असल्यास एकाच दिवशी सगळे उरकण्याचा हट्ट न धरता टप्प्याटप्प्याने काम करणे, याने रक्त वाचते. दुसरा निबंध मुलांच्या गुंतागुंतीच्या खड्यांवरचा. त्यातही रक्तस्राव वाटेच्या रुंदीशी आणि वाटांच्या संख्येशी बांधलेला आढळला. मुलाच्या किडनीला मोठ्या माणसाची हत्यारे लावू नयेत, हे सांगायला आता आकडे हाताशी होते.

तिसऱ्या निबंधाचा विषय रुग्णांच्या जिव्हाळ्याचा. शस्त्रक्रियेनंतर पाठीतून बाहेर आलेली नळी दोन-तीन दिवस ठेवण्याची प्रथा होती. झोपताना ती टोचते, कूस बदलता येत नाही, काढल्यावर कपडे ओले होतात. ती लागतेच का? तीस रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्या तशी तीन गटांत विभागणी झाली. दहा जणांना सुमारे सात मिलिमीटरची जाड नळी, दहा जणांना तीन मिलिमीटरची बारीक, आणि दहा जणांना पाठीत नळीच नाही. नळी नसलेल्यांना वेदना कमी झाल्या, जखमेतून लघवी झिरपण्याचे प्रमाण घटले आणि ते घरी लवकर गेले. प्रयोग छोटा होता आणि गुंतागुंत नसलेल्या रुग्णांपुरता होता. पण ‘असेच करतात’ या सबबीवर चालत आलेली एक गोष्ट त्याने प्रश्नाखाली आणली.

दीड मिलिमीटरची वाट

रक्त वाटेच्या रुंदीवर अवलंबून असेल तर वाट किती अरुंद करता येईल, हा पुढचा प्रश्न ओघानेच आला. जगभर ‘मिनीपर्क’ नावाने निम्म्या रुंदीची हत्यारे वापरात येत होती. म्युनिकच्या मार्कुस बाडर आणि क्रिस्टियान श्टीफ यांच्या गटाने टोचतानाच आतले दृश्य दाखवणारी सुई तयार केली होती. सुईच्या पोटात एक मिलिमीटरहून बारीक दुर्बीण. नडियादच्या चमूने त्यांच्यासोबत पुढचे पाऊल टाकले. वाट बघण्यापुरती वापरली जाणारी ही सुई हीच अखेरची वाट मानायची. डायलेटर नको, नळकांडे नको. सुईच्या मागे तीन तोंडांचा जोड बसवायचा. एकातून पाणी, एकातून दुर्बीण, एकातून केसासारखी लेझरची तार. होल्मियम लेझरने खड्याची भुकटी करायची आणि ती लघवीवाटे आपोआप जाऊ द्यायची. सुईची जाडी ४.८५ फ्रेंच, म्हणजे सुमारे १.६ मिलिमीटर.

‘मायक्रोपर्क’ या नावाने या पद्धतीचा पहिला अहवाल २०११ मध्ये ‘जर्नल ऑफ युरॉलॉजी’त आला. डॉ. महेश देसाई, डॉ. रवींद्र सबनीस आणि म्युनिकचे सहकारी त्याचे लेखक होते. रुग्ण दहा, खड्याचा सरासरी आकार १४.३ मिलिमीटर, त्यांत दोन मुले आणि एकाची किडनी ओटीपोटात राहिलेली. महिन्याभराने खडा पूर्ण गेल्याचे प्रमाण ८८.९ टक्के. एका रुग्णात रक्ताने दृश्य झाकोळले आणि मिनीपर्ककडे वळावे लागले. तेही अहवालात नमूद आहे.

संस्थेच्या इतिहासातले मोलाचे पान मात्र यानंतरचे आहे. आपल्याच घरी वाढलेल्या पद्धतीला तिने प्रतिस्पर्ध्यासमोर उभे केले. दीड सेंटीमीटरहून लहान खड्यांसाठी तोवर आणखी एक पद्धत जोर धरत होती. लघवीच्या वाटेने लवचीक दुर्बीण थेट किडनीत नेऊन, अंगावर एकही छेद न घेता लेझरने खडा फोडायचा. तिचे नाव ‘आरआयआरएस’. सत्तर रुग्णांची निम्मी-निम्मी यादृच्छिक विभागणी करून दोन्ही पद्धती तपासल्या गेल्या. डॉ. सबनीस आणि सहकाऱ्यांचा तो निबंध २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. खडा जाण्याचे प्रमाण मायक्रोपर्कमध्ये ९७.१ टक्के, आरआयआरएसमध्ये ९४.१ टक्के, म्हणजे बरोबरीच. पण मायक्रोपर्कमध्ये हिमोग्लोबिन जास्त उतरले, वेदना अधिक झाल्या आणि वेदनाशामके जास्त लागली. आरआयआरएसमध्ये मूत्रवाहिनीत स्टेंट ठेवण्याची पाळी अधिक वेळा आली. नडियादने हे जसेच्या तसे छापले. दोन्ही चालतात, कोणाला कोणती हे रुग्ण पाहून ठरवा, असा त्याचा मथितार्थ. किडनीभर फांद्या पसरलेल्या मोठ्या खड्याला मायक्रोपर्क पुरी पडत नाही. तिथे आजही रुंद वाटेची पीसीएनएलच लागते.

दात्याच्या पोटावरची खूण

भारतातले पहिले यशस्वी किडनी प्रत्यारोपण वेल्लोरला १९७१ मध्ये झाले. नडियादला नेफ्रॉलॉजी आणि युरॉलॉजी शेजारी शेजारी असल्यामुळे प्रत्यारोपण हे कामाचे स्वाभाविक अंग बनले. आपल्याकडे किडनी देणारी व्यक्ती बहुधा घरातलीच असते. त्यांत आया आणि पत्नी अधिक. ही माणसे आजारी नसतात. दुसऱ्यासाठी ती ऑपरेशनच्या टेबलावर जातात, म्हणून त्यांच्या अंगावरची खूण आणि त्यांचे अंथरुणावरचे दिवस कमी करणे हे डॉक्टरांचे दुहेरी कर्तव्य.

१९९५ मध्ये बाल्टिमोरला दात्याची किडनी प्रथम लॅपरोस्कोपीने काढली गेली. नडियादने त्यापुढे जाऊन बेंबीपाशी एकाच छेदातून ती काढण्याची पद्धत हाताळली, डॉ. अरविंद गणपुले आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये तिचा अनुभव मांडला. लगोलग पन्नास दात्यांवर नेहमीची लॅपरोस्कोपी आणि एक-छेदी पद्धत यांची तुलना झाली. एक-छेदी गटात वेदना लवकर ओसरल्या आणि मुक्काम कमी झाला. पण किडनी रक्तपुरवठ्यावाचून राहण्याचा काळ थोडा वाढला. ज्याला ती बसवली त्याच्या शरीरात तिचे काम मात्र दोन्ही गटांत सारखेच आढळले. फायदा आणि किंमत एकाच तक्त्यात मांडण्याची शिस्त इथेही दिसते.

चाकूविना

या संस्थेचे दुसरे अंग नेफ्रॉलॉजीचे. तिथे डॉ. मोहन राजापूरकर यांचे नाव ठळक आहे. किडनी हळूहळू निकामी का होते, याची देशभरची एकत्र माहिती बराच काळ कुठे नव्हती. ठिकठिकाणच्या नेफ्रॉलॉजिस्टांच्या नोंदी जमवून दीर्घकालीन किडनीविकाराची भारतीय सीकेडी रजिस्ट्री उभी राहिली, आणि तिचा पहिला अहवाल २०१२ मध्ये आला. पहिले लेखक डॉ. राजापूरकर. ५२,२७३ रुग्णांच्या नोंदींत ३१ टक्क्यांचे कारण मधुमेह निघाले, १३ टक्क्यांचे उच्च रक्तदाब. १६ टक्क्यांचे कारण उमगलेच नाही. मधुमेह आणि रक्तदाब वेळीच आवरले, तर डायलिसिस आणि प्रत्यारोपणाच्या दारापर्यंत यावे न लागणारे किती जण असतील, हे त्यावरून लक्षात यावे.

मुतखड्यालाही हेच लागू. खडा काढला म्हणजे रोग संपला असे होत नाही. खड्याचे रासायनिक पृथक्करण, रक्तातील कॅल्शियम आणि युरिक आम्ल, चोवीस तासांच्या लघवीची तपासणी यांतून तो पुन्हा का होईल हे कळते. दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी आणि मिठावर ताबा, हा सल्ला डिस्चार्ज कार्डावर शेवटच्या ओळीत असतो आणि घरी पोचेपर्यंत विसरला जातो. निदानाचीही वाट सोपी झाली आहे. पूर्वी शिरेत औषध टोचून अर्धा-पाऊण तास एक्स-रे काढावे लागत. आता सोनोग्राफी आणि औषधाविना होणारे सीटी स्कॅन यांवर भागते.

शिकणे आणि शिकवणे

संस्थेच्या शैक्षणिक शाखेला जयरामदास पटेल अ‍ॅकॅडेमिक सेंटर असे नाव आहे. इथे युरॉलॉजी आणि नेफ्रॉलॉजीतले पदव्युत्तर शिक्षण दिले जाते. कार्यशाळांत प्रत्यक्ष शस्त्रक्रिया पडद्यावर दाखवून तिच्यावर खुली चर्चा होते, आणि माणसावर हात चालवण्याआधी सिम्युलेटर आणि मॉडेलवर सराव करून घेतला जातो. लहान छेदाच्या शस्त्रक्रियेत हे अगत्याचे आहे. उघड्या शस्त्रक्रियेत शिष्य समोर उभा राहून गुरूचा हात पाहू शकत असे. आता दोघेही पडद्याकडे पाहतात. बोटांना जाणवणारा दाब फक्त सुई धरणाऱ्यालाच कळतो. तो शिकवायचा तर वेगळी शाळाच लागते. इथे शिकलेले युरॉलॉजिस्ट आज देशभर काम करीत आहेत.

बडोद्याच्या मराठी वाचकाला या वाटचालीत सबनीस, राजापूरकर, गणपुले ही आपली आडनावे भेटली की आनंद होणे साहजिक आहे. बडोद्याला १९४९ पासून मेडिकल कॉलेज आहे, सयाजीरावांच्या नावाचे जुने मोठे रुग्णालय आहे. गायकवाडी काळापासून मराठी डॉक्टर गुजरातेत रुजलेले आहेत. नडियादचे काम म्हणजे त्याच सरमिसळीचे पुढचे फळ : गुजराती दानत, गुजराती-मराठी हात, आणि जगाशी बरोबरीच्या नात्याने चाललेला पत्रव्यवहार.

पुढच्या दशकात रोबो, याहून बारीक दुर्बिणी आणि भुकटी शोषून घेणारी नवी नळकांडी येत राहतील, आणि प्रत्येक विक्रेता आपलाच छेद सर्वांत लहान असल्याचे सांगेल. त्या वेळी विचारायचे प्रश्न या संस्थेने आपल्या कामातून दाखवून दिले आहेत : खडा पूर्ण गेला का, रक्त किती गेले, दुखले किती, रुग्ण कितव्या दिवशी कामावर गेला आणि बिल किती झाले. उत्तर आपल्या आवडत्या पद्धतीच्या विरोधात गेले तरी ते छापायचे, ही नडियादची रीत पुढच्या पिढीच्या डॉक्टरांनी चालू ठेवली, तर नवी यंत्रे आपोआपच आपापल्या जागी बसतील.